एस-थ्री बकेटमधल्या लाखो फाइल्स कोडमधून डिलीट करायच्या आहेत, स्क्रिप्ट यशस्वी म्हणते पण फाइल्स राहतात

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

आमच्या अ‍ॅपमध्ये लोक फोटो टाकतात आणि प्रत्येक फोटोचे चार-पाच मापांचे थंबनेल (छोट्या प्रती) बनून एस-थ्री (अ‍ॅमेझॉनची क्लाउड स्टोरेज) बकेटमध्ये जाऊन बसतात. आता थंबनेल मागितला की तेव्हाच बनवायचा असं ठरलंय, म्हणजे आधीचे सगळे उडवायचे. ४० लाखांच्या आसपास असतील. मूळ फोटो त्याच बकेटमध्ये आहेत आणि त्यांना अजिबात धक्का लागता कामा नये, लोकांच्या घरच्या आठवणी आहेत त्या, परत कुठून आणणार.

की (फाइलचं बकेटमधलं पूर्ण नाव) साधारण अशा आहेत: युजर्स, मग युजरचा आयडी, मग ओरिजिनल किंवा थंब, मग फाइलचं नाव. पायथॉन आणि बोटो-थ्री (एस-थ्रीशी बोलणारी पायथॉनची लायब्ररी) वापरतोय. डिलीट करायच्या कींची यादी आमच्या डेटाबेसच्या टेबलात आहे, ते टेबल अपलोडच्या वेळी एस-थ्रीकडून येणाऱ्या इव्हेंट नोटिफिकेशनमधून भरलं जातं.

आधी साधा लूप लावला, एकेक की घ्यायची आणि डिलीट करायची. चालतं, पण एवढ्या फाइल्सना केव्हा संपणार काही पत्ता नाही. मग डिलीट_ऑब्जेक्ट्सला (एकाच रिक्वेस्टमध्ये अनेक की उडवणारा कॉल) पूर्ण यादी दिली तर मालफॉर्म्ड एक्सएमएल अशी एरर येते, आता मी एक्सएमएल लिहिलेलंच नाहीये कुठे. यादी छोटी केली की एरर जाते, उत्तर २०० (म्हणजे ठीक) येतं, पण नंतर बकेट उघडून बघितलं तर काही थंबनेल जसेच्या तसे तिथेच. एरर नाही, काही नाही.

आणि दुसरं काम पण याच्याशीच जोडलेलं आहे. युजरने अकाउंट बंद केलं की त्याचं सगळं काढायचं, ते कायमचं कोडमध्ये बसवायचंय. दोन्हीला एकच फंक्शन चालेल का, की वेगळं लिहू? मला नुसतं चाललं असं नकोय, गेलं ते खरंच गेलं आणि राहायचं ते राहिलं याची खात्री हवीय.

पायरी९

मालफॉर्म्ड एक्सएमएलचं सोपं आहे. डिलीट_ऑब्जेक्ट्सला एका वेळी जास्तीत जास्त १००० की देता येतात, त्याच्या वर एक जरी गेली तरी पूर्ण रिक्वेस्ट परत येते. बोटो-थ्री तुमच्या यादीचं आतल्या आत एक्सएमएल करून पाठवतं आणि ते सर्व्हरच्या नियमात बसलं नाही म्हणून मेसेज असा विचित्र दिसतो. १०००-१००० चे तुकडे करा, संपला विषय. ४० लाखांना ४००० रिक्वेस्ट, काहीच नाही.

लिस्टिंगलाही १००० चीच मर्यादा आहे हे लगे हाथ सांगून ठेवतो. लिस्ट_ऑब्जेक्ट्स_व्ही२ एका वेळी १००० नावं देतं आणि पुढचं पान हवं असेल तर कंटिन्युएशन टोकन द्यावं लागतं. हाताने टोकन फिरवत बसू नका, बोटो-थ्रीमध्ये पेजिनेटर तयार आहे तो घ्या.

आता २०० येऊनही फाइल राहते त्याचं. हा २०० म्हणजे तुमची रिक्वेस्ट पोचली आणि वाचली एवढंच. प्रत्येक फाइलचं काय झालं ते उत्तराच्या आत असतं. आत दोन याद्या येतात, एक डिलीटेड नावाची आणि एक एरर्स नावाची. एरर्समध्ये प्रत्येक नोंदीला की, कोड आणि मेसेज असतो, कोडमध्ये अ‍ॅक्सेस डिनाइड असेल, इंटर्नल एरर असेल, जे असेल ते. हजारातल्या ९९७ गेल्या आणि ३ राहिल्या तरी वरचा स्टेटस २०० च आणि पायथॉनमध्ये एक्सेप्शनसुद्धा उडत नाही. त्यामुळे ट्राय-एक्सेप्ट लावून काही हाती लागत नाही, एरर्सची यादी आपण होऊन उघडून बघावी लागते आणि ती रिकामी असली तर उत्तरात ती किल्लीच नसते, म्हणून गेट वापरून वाचा नाहीतर तिथे वेगळीच एरर येईल.

क्वाएट नावाचा एक ऑप्शन आहे, तो ट्रू केला की डिलीटेडची यादी येत नाही, फक्त एरर्स येतात. बरेच लोक लावतात. तुम्ही लावू नका असं माझं मत, काय काय गेलं त्याचा लॉग तुम्हाला हवाच असणार.

एरर्समध्ये काय येतंय ते बघून इथे टाका.

अर्धविराम

पायरी९, खूप आभार. तुकडे केले, क्वाएट नाही लावला, एरर्स वाचल्या. गंमत अशी की एरर्स रिकामी आहे. आणि ज्या फाइल्स बकेटमध्ये अजून दिसतायत त्यांची नावं डिलीटेडच्या यादीत आहेत!! म्हणजे एस-थ्री म्हणतं डिलीट केली आणि ती तर समोर दिसतेय. कन्सोल रिफ्रेश करून, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून, सगळं करून बघितलं. पसरायला वेळ लागतो म्हणतात तसं काही आहे का, की थोडा वेळ थांबून बघू?

रिकामी_ओळ

थांबून काही होणार नाही. डिलीट केल्यावर लिस्टिंगमध्ये काही काळ जुनं दिसायचं ते पूर्वी. डिसेंबर २०२० पासून एस-थ्री स्ट्राँग कन्सिस्टंट आहे, डिलीट झालं की पुढच्या लिस्टमध्ये ते नसतं. जुन्या ब्लॉगांमधून अजून तो सल्ला फिरतो.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बहुतेक. तुम्ही म्हणता यादी इव्हेंट नोटिफिकेशनमधून भरलेल्या टेबलातून येते. त्या नोटिफिकेशनमध्ये की यूआरएल-एन्कोड होऊन येते. म्हणजे फाइलच्या नावात स्पेस असेल तर तिथे अधिकचं चिन्ह, देवनागरी नाव असेल तर टक्क्याच्या चिन्हांची माळ. ती तशीच टेबलात गेली आणि तशीच डिलीटला दिली तर एस-थ्री त्या नावाची फाइल शोधतं, अशी फाइल नसते.

आणि नसलेली फाइल डिलीट करायला सांगितली तर एस-थ्री एरर देत नाही. डिलीटेडमध्येच टाकतं. त्याच्या दृष्टीने तुम्हाला ती फाइल तिथे नको होती आणि ती तिथे नाहीये, काम झालं. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे, नेटवर्क तुटून तीच रिक्वेस्ट पुन्हा गेली तरी बिघडू नये म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे चुकीच्या नावावरही यशस्वीचा शिक्का बसतो. ज्या फाइल्स राहिल्या त्यांच्या नावात स्पेस, अधिक चिन्ह, कंस, देवनागरी असं काही आहे का बघा. टेबलातली नावं पायथॉनच्या अनकोट_प्लस मधून काढून मग द्या.

अर्धविराम

अगदी तेच! राहिलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षरं आहेत. अनकोट_प्लस लावल्यावर भराभर जायला लागल्या. दोन दिवस डोकं आपटत होतो आम्ही सगळे.

पण तरी थोड्या राहतायतच. उदाहरण देते, "दुसऱ्या पानाचा फोटो" अशा नावाची एक आहे. टेबलातली की आणि बकेटमधली की शेजारी शेजारी ठेवल्या, अक्षर न् अक्षर सारखं दिसतं, पायथॉन म्हणतं समान नाहीत.

निळी_शाई

"ऱ" बघा त्यातला. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, एक म्हणजे ऱ हा एकच कोडपॉइंट आणि दुसरं म्हणजे र आणि त्याच्या पुढे नुक्ता. पडद्यावर दोन्ही हुबेहूब तेच, बाइट्स वेगळे. एस-थ्री की म्हणजे नुसते यूटीएफ-८ बाइट्स, तिथे कोणी नॉर्मलाइझ करत (सगळं एकाच रूपात आणत) नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ही दोन वेगळी नावं. फोटो कुठल्या सिस्टिमवरून अपलोड झालाय त्यावर नाव जोडलेलं येतं की सुटं ते ठरतं, आणि मधे तुमच्या एखाद्या सर्व्हिसने टेबलात लिहिताना नॉर्मलाइझ केलं असेल तर जुळणी तुटली. इंग्रजीत हेच é सारख्या अक्षरांना होतं, पण आपल्याकडे दुसऱ्या, तिसऱ्या, किनाऱ्यावर, येणाऱ्या, जाणाऱ्या, सगळीकडे ऱ आहे म्हणून आपल्याला जास्त भोवतं.

पायथॉनमध्ये दोन्ही नावं यूटीएफ-८ मध्ये एन्कोड करून प्रिंट करा, लगेच दिसेल.

पण त्याहून महत्त्वाचं सांगते. टेबलावर विसंबूच नका. काय डिलीट करायचं ते बकेटलाच विचारा, कारण बकेटने दिलेली की परत बकेटलाच दिली की ना एन्कोडिंगचा प्रश्न, ना ऱ चा. लिस्टिंग करा, मधला भाग थंब आहे तेवढ्या की गाळून फाइलमध्ये लिहा आणि तीच फाइल डिलीटची यादी. टेबल ताडून बघायला वापरा, टेबलात आहे पण बकेटमध्ये नाही असं काय काय निघतं ते.

पायरी९

+१. ऱ ची गोष्ट मलाही माहीत नव्हती, छान सांगितलंत.

सरळरेघ

एवढं सगळं कोड कशाला लिहायचं? लाइफसायकल रूल लावा ना. प्रीफिक्स (नावाची सुरुवात) द्यायचा, एक्स्पायरेशन (मुदत) द्यायचं, एस-थ्री स्वतः उडवतं. दिवसातून एकदा रूल चालतो, डिलीटचे पैसे नाहीत, लिस्टिंगचे पण नाहीत, तुमचा सर्व्हर चालू ठेवायला नको, स्क्रिप्ट मधेच मेली तर काय हा प्रश्न नाही. वर आणखी एक, फाइल एक्स्पायर झाली आणि प्रत्यक्ष जायला एस-थ्रीकडून उशीर झाला तर त्या मधल्या काळाचं स्टोरेज बिलात धरत नाहीत. माझ्या मते ज्याला लाखांनी फाइल्स काढायच्यात त्याने आधी हेच बघावं.

रिकामी_ओळ

सरळरेघ, तत्त्वतः बरोबर, पण त्यांच्या की बघा. आयडी आधी आणि थंब नंतर येतं. लाइफसायकलचा फिल्टर सुरुवातीपासूनच्या प्रीफिक्सवर चालतो, मधे तारा (इथे काहीही चालेल असं चिन्ह) देता येत नाही, शेवटच्या एक्स्टेन्शनवरून पण गाळता येत नाही. प्रत्येक युजरला एक रूल करायचा म्हटलं तर एका बकेटला १००० रूलची मर्यादा. फाइलच्या साइझवर फिल्टर लावता येतो, थंबनेल छोटे म्हणून तो मोह होईल, पण एखादा मूळ फोटोही छोटा असू शकतो त्यामुळे तो विचारच करू नका.

टॅगवरून मात्र जमतं. थंबनेलना टॅग लावायचा आणि टॅगवर एक रूल. पण ४० लाख फाइल्सना टॅग लावणं म्हणजे ४० लाख रिक्वेस्ट, त्यांचे पैसे पडतात, तेवढ्यात थेट डिलीट होतं आणि डिलीटची रिक्वेस्ट फुकट आहे. एस-थ्री बॅच ऑपरेशन्सकडे लोक वळतात पण त्यात थेट डिलीट असं ऑपरेशन नाही, टॅग बदलता येतात किंवा लॅम्डा (अ‍ॅमेझॉनवर चालणारं आपलं फंक्शन) चालवता येतं. या केसमध्ये कोडच बरा.

पुढच्यासाठी मात्र रचना बदलून घ्या. अशा तात्पुरत्या गोष्टी, ज्या पुन्हा बनवता येतात, त्या वेगळ्या बकेटमध्ये किंवा निदान अगदी सुरुवातीला थंब असलेल्या प्रीफिक्सखाली ठेवा. मग सरळरेघ म्हणतात तसं एका रूलमध्ये होतं.

सरळरेघ

हो, की ची रचना नीट नव्हती बघितली मी. मग कोडच. पण अर्धवट राहिलेल्या मल्टिपार्ट (तुकड्या-तुकड्याने होणाऱ्या) अपलोडसाठी रूल लावाच, ते लिस्टिंगमध्ये दिसत नाहीत आणि जागेचे पैसे लागत राहतात, स्क्रिप्टला सापडणार नाहीत.

निळी_शाई

अजून कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते, बकेटला व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवणं) चालू आहे का?

असेल तर हे सगळं डिलीट म्हणजे डिलीट नाहीये. नुसती की देऊन डिलीट केलं की वर एक डिलीट मार्कर बसतो, लिस्टिंगमधून फाइल गायब होते आणि खाली सगळी जुनी व्हर्जन्स तशीच असतात, त्यांचं बिलही तसंच. आणि वर जे झालं ना, चुकीच्या नावाने डिलीट केलेलं, व्हर्जनिंग असेल तर त्या नसलेल्या नावांवर पण मार्कर बसलेले असतील. तो कचरा वेगळा साफ करावा लागेल.

खरंच काढायचं असेल तर लिस्ट_ऑब्जेक्ट_व्हर्जन्स वापरायचं, त्यात व्हर्जन्स आणि डिलीट मार्कर्स अशा दोन याद्या येतात, दोन्हीतली की आणि व्हर्जन आयडी अशी जोडी डिलीटला द्यायची. परवानगी पण वेगळी लागते, डिलीटऑब्जेक्ट वेगळी आणि डिलीटऑब्जेक्टव्हर्जन वेगळी, पहिली असून दुसरी नसली की अ‍ॅक्सेस डिनाइड.

पण माझं म्हणणं उलट आहे, थंबनेलच्या कामाला व्हर्जन आयडी देऊच नका. व्हर्जनिंग नसेल तर उलट आधी चालू करा, मग डिलीट करा. सगळ्यावर मार्कर बसू देत, अ‍ॅप काही दिवस चालू देत, कुठे काही तुटलं असं दिसलं तर मार्कर काढला की फाइल परत येते. आणि जुन्या व्हर्जन्ससाठी नॉनकरंट एक्स्पायरेशनचा रूल लावून ठेवा, ७ दिवस म्हणा, १४ म्हणा, तेवढ्या दिवसांनी ती आपोआप खरीच जातील. थोडे दिवस जास्तीचं स्टोरेज भरावं लागतं पण मूळ फोटो त्याच बकेटमध्ये असताना ही सोय सोडू नये. हा रूल सरसकट बकेटला लावला तर मूळ फोटोंच्या जुन्या व्हर्जन्सनाही लागू होतो, तुमच्या अ‍ॅपमध्ये फोटोवर पुन्हा लिहिलं जात असेल तर ते आधी बघा.

अकाउंट बंद करणाऱ्याचं मात्र वेगळं. त्याला आपण सांगतोय की तुमचं सगळं काढलं, तर तिथे मार्कर बसवून चालणार नाही, व्हर्जन आयडीसकट काढायला पाहिजे किंवा किती दिवसांत पूर्ण जाईल ते त्याला स्पष्ट सांगायला पाहिजे.

अर्धविराम

व्हर्जनिंग बंद आहे, आजच चालू करून घेते. फोटोवर पुन्हा लिहिलं जात नाही, प्रत्येक अपलोडला नवीन नाव.

आता मी असं लिहितेय, सांगा बरोबर आहे का: लिस्टिंग करत जायचं, थंब असलेल्या की गोळा करायच्या, १००० झाल्या की डिलीट, पुढे. एकाच स्क्रिप्टमध्ये. आणि अकाउंटसाठी तेच फंक्शन, युजर्स आणि आयडी जोडून प्रीफिक्स द्यायचा.

रिकामी_ओळ

नको. म्हणजे चालेल, टोकनने पुढे जातं त्यामुळे लिस्ट करता करता डिलीट केल्याने मधल्या फाइल्स सुटत नाहीत. पण दोन स्क्रिप्ट करा. पहिली फक्त यादी बनवेल, तिला डिलीटची परवानगीच नको. प्रत्येक ओळीत की, साइझ, शेवटचा बदल. दुसरी फक्त ती यादी वाचेल आणि उडवेल, तिला स्वतःहून काही शोधायची मुभा नको. मधे माणूस. किती ओळी आल्या, एकूण साइझ किती, अंदाजाशी जुळतं का, सगळ्यात मोठी फाइल कोणती (थंबनेलच्या यादीत पाच एमबीची फाइल असेल तर काहीतरी गडबड आहे), आणि मधून कुठूनही पन्नासेक ओळी उचलून डोळ्यांनी वाचा. एकाच स्क्रिप्टमध्ये शोधणं आणि मारणं एकत्र असलं की गाळणीची अट चुकलीय हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

प्रीफिक्सबद्दल. एस-थ्रीमध्ये फोल्डर नसतात, नावाची सुरुवात जुळली की जुळलं. "टेम्प" प्रीफिक्स दिला की "टेम्प्लेट्स" पण त्यात येतं. युजर १२ चं काढायला गेलात आणि शेवटचा स्लॅश दिला नाही तर १२०, १२५, १२९९ सगळे गेले. शेवटी स्लॅश पाहिजेच, आणि फंक्शनमध्ये पहिल्याच ओळीला तपासणी पाहिजे: आयडी रिकामा आहे का, नल आहे का, ठरलेल्या साच्यातला आहे का. नसेल तर तिथेच थांबायचं. रिकामा प्रीफिक्स म्हणजे अख्खी बकेट, एस-थ्री विचारणार नाही खरंच का म्हणून.

आणि कोडमधल्या तपासणीच्या वर परवानगीची भिंत घाला. दुसऱ्या स्क्रिप्टसाठी वेगळा आयएएम रोल (परवानग्यांचा संच), त्यात डिलीटची परवानगी फक्त थंबच्या पॅटर्नला आणि ओरिजिनलच्या पॅटर्नला स्पष्ट डिनाय. आयएएममधला तारा स्लॅश ओलांडून जुळतो त्यामुळे नुसत्या अलाउवर भरवसा नको, डिनाय लिहाच, तो अलाउला हरवतो. मग कोडमध्ये काहीही झालं तरी मूळ फोटोला हात लागणार नाही. अकाउंटच्या कामाचा रोल वेगळा, त्याला मूळ फोटो काढता आले पाहिजेत. म्हणून एकच फंक्शन का या प्रश्नाला माझं उत्तर, १०००-१००० चा तुकडा उडवून एरर्स परत देणारा आतला छोटा भाग एकच, वरचं सगळं वेगळं.

पायरी९

हे सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं रिकामी_ओळ यांनी.

वेगाबद्दल थोडं. एका प्रीफिक्सला सेकंदाला ३५०० डिलीट धरलेत, आणि एका रिक्वेस्टमध्ये १००० की असल्या तर त्या १००० धरल्या जातात, १ नाही. म्हणजे चार-पाच थ्रेड जरी जोरात चालले तरी ५०३ स्लो डाऊन यायला लागतो. नुसता आकडा धरला तर ४० लाखांना वीसेक मिनिटं, त्यामुळे घाई करून काही मिळवायचं नाहीये, दोन थ्रेड ठेवा, बोटो-थ्रीच्या कॉन्फिगमध्ये रिट्राय मोड अ‍ॅडॅप्टिव्ह करा आणि जाऊन दुसरं काम करा. थ्रेड वापरणार असाल तर क्लायंट वापरा, रिसोर्स थ्रेडमध्ये वाटून घेता येत नाही. एरर्समध्ये स्लो डाऊन किंवा इंटर्नल एरर आली तर तेवढ्याच की पुन्हा पाठवा, अ‍ॅक्सेस डिनाइड आली तर पुन्हा पाठवून काही उपयोग नाही, थांबून बघा.

प्रत्येक तुकडा झाला की त्याचा नंबर आणि डिलीटेड-एरर्स फाइलमध्ये लिहा, मधे बंद पडलं तर तिथून पुढे.

संपल्यावर पहिली स्क्रिप्ट परत चालवा. यादी रिकामी आली पाहिजे. एकेक फाइल हेड करून (आहे की नाही एवढंच विचारून) तपासत असाल तर लक्षात ठेवा, रोलला लिस्टबकेट परवानगी नसेल तर नसलेल्या फाइललाही ४०४ (सापडलं नाही) च्या ऐवजी ४०३ (परवानगी नाही) येतो आणि माणूस परवानगीचा घोळ शोधत बसतो.

तळटीप

मी गूगल क्लाउड स्टोरेज आणि अ‍ॅझ्युअर दोन्हीकडे हे करते, पुढे कोणी वाचेल म्हणून फरक लिहून ठेवते.

गूगलला एका बॅचमध्ये १०० कॉल, आणि नसलेली फाइल डिलीट केली तर तिथे ४०४ येतो, एस-थ्रीसारखं गप्प बसत नाही. पायथॉनमधलं डिलीट_ब्लॉब्स पहिल्याच न सापडलेल्या फाइलवर एक्सेप्शन फेकून थांबतं, त्याला ऑन_एरर म्हणून फंक्शन द्यावं लागतं मग ते पुढे जातं. नोड वापरणाऱ्यांना डिलीटफाइल्स आहे, त्यात प्रीफिक्स देता येतो आणि फोर्स ट्रू केलं तर एररवर न थांबता सगळं संपवून मग शेवटी एरर्स देतं. फायरबेसची स्टोरेज वापरत असाल तर ब्राउझर किंवा मोबाइलच्या एसडीकेत फोल्डर उडवायची सोय नाही, सर्व्हरवरून अ‍ॅडमिन एसडीकेने हेच डिलीटफाइल्स वापरायचं. शिवाय गूगलच्या नवीन बकेटला सॉफ्ट डिलीट आपोआप चालू असतं, ७ दिवसांचं. वाचवतं पण आणि बिलही लावतं, तात्पुरत्या फाइल्स सतत येऊन जात असतील तर मुद्दाम विचार करून बंद ठेवा.

अ‍ॅझ्युअरला एका बॅचमध्ये २५६. वरचं उत्तर २०२ येतं आणि आत प्रत्येकाचं वेगळं. ब्लॉबला स्नॅपशॉट असतील तर नुसता डिलीट होत नाही, स्नॅपशॉटसकट डिलीट असं सांगावं लागतं.

आणि तिघांकडे सारखं: स्वस्त क्लासमध्ये ठेवलेल्या फाइल्स लवकर काढल्या तर उरलेल्या दिवसांचे पैसे लागतातच. एस-थ्री स्टँडर्ड आयए ३० दिवस, ग्लेशियर डीप आर्काइव्ह १८०, गूगलचा आर्काइव्ह क्लास तर ३६५. यादीत स्टोरेज क्लासचा रकाना पण घ्या, लिस्टिंगमध्ये तो येतोच.

अर्धविराम

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर मला कुठे एकत्र वाचायला मिळालं नव्हतं.

यादी बनवली. सगळ्यात मोठी फाइल कोणती ते बघितलं आणि बरं झालं बघितलं, थंबच्या खाली काही व्हिडिओ निघाले, एका जुन्या फीचरने तिथे टाकलेले, त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. ते यादीतून काढले आणि हलवायला घेतलेत. बाकीचं डिलीट झालं, एरर्समध्ये थोडे स्लो डाऊन आले ते दुसऱ्या फेरीत गेले, पुन्हा लिस्ट केल्यावर ते व्हिडिओ सोडले तर यादी रिकामी. व्हर्जनिंग चालू आहे, नॉनकरंटचा रूल १४ दिवसांचा लावलाय.

अकाउंट बंद करण्याबद्दल एकच राहिलं. आधी डेटाबेसमधून युजर काढायचा की आधी फाइल्स? आणि फाइल काढल्यावरही जुन्या लिंकवर फोटो उघडतोय काही वेळ, ते का?

निळी_शाई

आधी युजरच्या ओळीवर "काढायचंय" अशी खूण करा आणि त्याचं लॉगिन आणि अपलोड बंद करा, नाहीतर तुम्ही यादी करताय आणि फोनवरून मागे राहिलेला अपलोड येऊन पोचतोय असं होतं. मग काम रांगेत टाका, वर्कर फाइल्स काढेल, एरर्स रिकामी आणि पुन्हा लिस्ट केल्यावर काही नाही असं झालं की मगच ओळ काढायची. ओळ आधी काढली आणि वर्कर मधे मेला तर त्या फाइल्स कोणाच्या होत्या हे सांगणारं काही उरत नाही. नसलेली फाइल डिलीट केली तरी चालतं म्हणून तेच काम दोनदा आलं तरी बिघडत नाही, रांगेसाठी ते सोयीचं.

जुनी लिंक उघडतेय ती सीडीएनमुळे (फोटोंच्या प्रती जवळ ठेवून पटकन देणारे सर्व्हर), बकेटमधून गेली तरी सीडीएनच्या कॅशेत प्रत असते आणि तिची मुदत संपेपर्यंत ती देत राहते. वर्करच्या शेवटी त्या युजरच्या पाथचं इनव्हॅलिडेशन (कॅशेतली प्रत रद्द करणं) टाका. क्लाउडफ्रंट (अ‍ॅमेझॉनची सीडीएन) असेल तर शेवटी तारा देऊन पूर्ण पाथ एकाच वेळी देता येतो, प्रत्येक फोटोचं वेगळं द्यायला नको. आणि ओळ काढायच्या आधी बकेट बघता तशी एखादी सीडीएनची लिंक पण मागून बघा, तिथेही फोटो नाही आला की मग पुढे.

अर्धविराम

समजलं, तसंच बसवते. व्हिडिओ हलवून झाले की थंबची यादी आणखी एकदा काढते.